क्रिमिनल सायकॉलॉजी शिकायचीये? मग हे करा
बारावीनंतर थेट क्रिमिनल सायकॉलॉजीच पाहिजे म्हणून हटून बसू नका, आधी बीएला सायकॉलॉजी घ्या, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला आहे, आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नका प्लीज, पुढचा सगळा रिसर्च त्याच्यावरच चालतो. कायदा वाचताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता घ्या, खुनाची शिक्षा आता ३०२ नाही, कलम १०३, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच (जुनी भारतीय दंड संहिता) लागतं म्हणून दोन्ही माहीत हवं. सुट्टीत शिवाजीनगर कोर्टात मोबाईल बंद करून मागच्या बाकावर बसा (पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेस बंद दाराआड चालतात), उलटतपासणीत साक्षीदार वेळ, शर्टाचा रंग सांगताना कसा अडखळतो ते बघा, मेमरीचा चॅप्टर तिथे खरा कळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागतेच, ॲडमिशनआधी कोर्सला त्यांची मान्यता आहे का विचारा.