दंड पुस्तकाच्या किमतीपाशी कसा थांबवायचा

लातुरातल्या एका वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मुदत टळली की रोज 2 रुपये दंड, पण पुस्तकाच्या छापील किमतीपर्यंतच, असा तिथला नियम. मध्यरात्रीनंतर मायएसक्यूएल या डेटाबेसचा इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) हा दंड वाढवतो.

बरेच जण नुसती व्हेअरमध्ये (कुठल्या ओळी घ्यायच्या ते सांगणाऱ्या भागात) अट टाकतात: दंड किमतीपेक्षा कमी असेल तर 2 वाढव. पुस्तक 195 रुपयांचं असलं की हे फसतं. 194 ला अट खरी ठरते आणि दंड होतो 196. त्या एका रुपयावरून काउंटरवर जी हुज्जत चालते, ती ग्रंथपालालाच विचारा. मर्यादा वाढीच्या हिशेबातच हवी (कीवर्ड टाइप करताना अर्थात रोमनमध्ये):

अपडेट देवघेव सेट दंड = लीस्ट(दंड + 2, किंमत) व्हेअर परत_तारीख इज नल अँड मुदत < करडेट() अँड दंड < किंमत;

परत_तारीख इज नल म्हणजे तो रकाना रिकामा, पुस्तक अजून बाहेरच; करडेट() म्हणजे आजची तारीख. लीस्ट दोन्हींतला लहान आकडा उचलतं. मग शेवटची अट कशाला? पुस्तक हरवलं म्हणून कुणाच्या नावावर दुप्पट वसुली हातानं लावली असेल, तर एकटं लीस्ट ती रातोरात खाली ओढतं.

खरी मेख रिकाम्या किमतीची. आपल्याकडं देणगीची पुस्तकं ढिगानं येतात. मुक्तिसंग्रामावरच्या जुन्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका. त्यांच्यावर किंमत कुठली? किंमत नल असली की मायएसक्यूएलचं लीस्टही नल देतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं लीस्ट नलकडं बघतच नाही, म्हणजे मर्यादाच गेली. आणि वरची व्हेअर असली तर ती ओळ निवडलीच जात नाही. दंड 0 वर बसून राहतो, वाचक खूश. म्हणून दोन्हीकडं किंमतऐवजी कोअलेस(किंमत, 100) लिहा, म्हणजे किंमत रिकामी असली की 100 धरले जातात. तो 100 मात्र कार्यकारी मंडळाकडून लेखी घ्या, आपल्या मनानं ठरवू नका.

एसक्यूलाइटमध्ये हेच काम दोन आकडे दिलेलं मिन करतं. एसक्यूएल सर्व्हरला लीस्ट 2022 च्या आवृत्तीत आलं. त्याआधीच्याला केस (जर-तरची रचना) वापरा.

इव्हेंट वेळेवर चालवणारा इव्हेंट शेड्यूलर मायएसक्यूएल 8.0 पासून आपसूक चालू असतो, 5.7 मध्ये चालू करावा लागतो. पण त्या वेळी सर्व्हरच बंद असला तर हुकलेली फेरी नंतर भरून निघत नाही. उन्हाळ्यात रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, की त्या दिवसाचे 2 रुपये बुडालेच. म्हणून नवीन ठिकाणी मी दंड वाढवत बसत नाही, तारखेवरून काढतो:

लीस्ट(डेटडिफ(करडेट(), मुदत) * 2, कोअलेस(किंमत, 100))

डेटडिफ दोन तारखांमधले दिवस मोजतं. हे दोनदा चाललं तरी उत्तर तेच. मुदतीची अट तेवढी ठेवा, नाहीतर वेळेत असलेल्यांचा दंड उणे येईल. परत आलेल्या पुस्तकाला करडेटच्या जागी परत_तारीख घ्या. हातानं लावलेली वसुली वेगळ्या रकान्यात टाका. आणि 2 हा दर सूत्रात कोंबू नका. पुस्तक नेलं त्या दिवशीचा दर देवघेवीच्या ओळीतच लिहून ठेवा. नाहीतर मंडळानं तो 3 केला की सगळ्यांचे जुने दिवसही 3 नंच मोजले जातात.