मानेतली नस दबली असेल तर प्रथम बोटे पाहा

निपाणीकडे मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका असोत की बेळगावातल्या वडगावच्या मागावर तुटलेला धागा सांधणारे विणकर, मान आखडली की सगळेच ‘नस दबली’ म्हणतात. पुष्कळदा तो केवळ स्नायूंचा ताण असतो. वेदना खांद्यावरून हातात उतरत असेल आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मात्र मणक्यांमधली सरकलेली गादी किंवा वाढलेले हाड मज्जातंतूच्या मुळाला दाबत असण्याची शक्यता वाढते.

मानेत मणके सात, पण मज्जातंतूंच्या जोड्या आठ असतात. साधारणपणे सहावे मूळ दबल्यास अंगठ्याकडे, सातवे दबल्यास मधल्या बोटाकडे आणि आठवे दबल्यास करंगळीकडे मुंग्या येतात. रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर दोष मनगटात असू शकतो. विडी वळणाऱ्या हातांच्या बाबतीत हा फरक विसरू नये.

बहुतेकांचा त्रास शस्त्रक्रियेविना 6 ते 12 आठवड्यांत कमी होतो. तोवर अंथरुणाला खिळून न राहता, वेदना न वाढवणाऱ्या हालचाली चालू ठेवाव्यात. सूप उंच पाटावर ठेवावे, अर्ध्या तासाने उठावे, आणि कुशीवर झोपताना कान व खांदा यांतील पोकळी भरेल एवढीच उशी घ्यावी. दुखरा हात डोक्यावर ठेवल्याने अनेकांना तात्पुरता आराम पडतो. गवताचा किंवा उसाच्या वाड्याचा भारा मात्र डोक्यावर घेऊ नये, कारण चुंबळीमुळे डोक्याला टोचत नसले तरी मानेवरचे वजन तेवढेच राहते. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कोणाकडूनही मान झटक्याने मोडून घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अशा झटक्याने क्वचित मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.

मूठ सैल पडणे, गुंड्या लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरची मानदुखी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हातदुखीबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर हृदयविकार समजून क्षणभरही थांबू नये.

तपासणीच्या वेळी कोणत्या बोटाला, केव्हापासून आणि मान कशी वळवल्यावर त्रास होतो, हे अवश्य सांगावे. डॉक्टर कन्नड बोलणारे असले आणि शब्द अडले, तरी बोट पुढे करून दाखवता येते.