पेनकिलर दुखऱ्या जागी जात नाही: ट्रामाडॉल, मॉर्फिन, पॅच वापरताना या चुका टाळा

मी पंचवटीत एका मेडिकलवर बसतो, पंधरा वर्षं झाली. संध्याकाळी सातनंतर एक ठरलेला प्रकार असतो, कोणीतरी येतं, काउंटरवर रिकामी स्ट्रिप टाकतं आणि म्हणतं, "ही दे ना भो, गुडघा लई दुखतोय." स्ट्रिप उलटी करून बघतो तर ट्रामाडॉल. चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं, "साधी पेनकिलर तर आहे!" साधी नाहीये. एप्रिल २०१८ पासून ती एनडीपीएस कायद्याखाली आलीय, म्हणजे अफू-गांजा ज्या कायद्यात येतो त्याच. पण कायद्याचं जाऊ द्या. या औषधांच्या ज्या चुका मी रोज बघतो त्यातल्या बऱ्याचशा एकाच गैरसमजातून होतात, गोळी दुखऱ्या जागी जाऊन काम करते हा तो गैरसमज.

ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिल ही सगळी एकाच खानदानातली, ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी. ती गुडघ्यात काहीच दुरुस्त करत नाहीत, सूज तर अजिबात उतरवत नाहीत. ती जाऊन बसतात ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरलेल्या जागांवर, आणि हे रिसेप्टर असतात मुख्यतः मेंदूत, मणक्यातल्या मज्जारज्जूत आणि आतड्यात. म्यू, कापा, डेल्टा असे तीन मुख्य प्रकार, त्यात आपल्या कामाचा म्यू. गुडघ्याकडून दुखण्याचा निरोप निघतो तो मणक्यातल्या नाक्यावर पोचतो, तिथे एक नस दुसरीला निरोप देते. औषध म्यूवर बसलं की देणारी नस कमी बोलते आणि घेणारी सुस्तावते, त्यामुळे वर मेंदूपर्यंत फार कमी पोचतं. शिवाय मेंदूतही काम होतं, म्हणून पेशंट कधीकधी म्हणतात ना, दुखतंय पण त्याचं काही वाटत नाही, ते खरंच तसं असतं.

हे रिसेप्टर अफूसाठी बनलेले नाहीत बरं का. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत ते दाखवले, मग प्रश्न आला की शरीराने हे कुलूप ठेवलंय कशाला, आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना शरीराची स्वतःची किल्ली सापडली, एन्केफॅलिन. औषध म्हणजे त्याच कुलपाची डुप्लिकेट किल्ली.

आता खरी गोम. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात सगळ्या खोल्यांना एकाच किल्लीची कुलपं लावलीत असं समजा. तुम्हाला उघडायची असते फक्त दुखण्याची खोली, पण त्याच किल्लीने श्वासाची खोली उघडते, आतड्याची उघडते, मळमळीची उघडते, आणि मजा वाटण्याची पण. गोळीला खोली निवडता येत नाही. खालच्या सगळ्या चुका इथूनच येतात.

पोट बिघडेपर्यंत थांबणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. आतड्यातल्या म्यूवर औषध बसलं की आतड्याची हालचाल मंदावते, मळातलं पाणी जास्त शोषलं जातं. मळमळ, झोप याची शरीराला आठवड्याभरात बऱ्यापैकी सवय होते, बद्धकोष्ठतेची मात्र होत नाही, जोपर्यंत औषध चालू तोपर्यंत ती राहणार. लोक काय करतात, पाच दिवस संडासला झाली नाही की येतात आणि इसबगोल मागतात. इथे इसबगोल चुकीचं औषध आहे, ते पाणी धरून फुगतं आणि पुढे ढकलायला आतडं हलायला हवं, इथे आतडंच झोपलेलं, म्हणजे द्वारका सर्कलला जाम असताना मागून अजून दोन ट्रक सोडल्यासारखं. लागतं ते आतड्याला हलवणारं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीवालं, आणि गरज पडली तर सोबत मळ मऊ करणारं लॅक्टुलोज. आणि ते ओपिऑइड सुरू होतं त्याच दिवसापासून. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर विचारा, लाजू नका. पोट फुगलंय, उलट्या होतायत, गॅससुद्धा सरत नाही असं असेल तर मात्र घरी जुलाबाचं औषध देऊ नका, आधी दाखवा.

जाता जाता एक गंमत. मिसळ बाधली की जी लोपरामाइड घेता ना, तीसुद्धा म्यू रिसेप्टरवालीच आहे. पण मेंदूच्या दारावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा वॉचमन असतो, तो तिला आत शिरली की लगेच बाहेर काढतो. म्हणून जुलाब थांबतात, दुखणं थांबत नाही. जास्त घेऊन बघू असं डोक्यात आणू नका, हृदयाचे ठोके बिघडतात.

शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून

कोडीन आणि ट्रामाडॉल यांचा असर बराचसा लिव्हरमध्ये त्यांचं रूप बदलल्यावर येतो, सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम कोडीनचं मॉर्फिन करतं, ट्रामाडॉलचं त्याहून म्यूला जास्त चिकटणारं रूप करतं. हे एन्झाइम कोणात सुस्त असतं, कोणात भलतंच जोरात. म्हणून एकच गोळी काकूंना अमृत, तुम्हाला पाणी, आणि तिसऱ्याला एवढी जास्त की श्वास मंदावतो. लहान मुलांचे यात जीव गेलेत, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, बारा वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं देऊ नका असं सांगितलं. तेव्हा घरातलं जुनं कोडीनचं कफ सिरप पोराला चमचाभर, हे बंद.

ट्रामाडॉलचं अजून एक, ते नुसतं म्यूवर बसत नाही, सेरोटोनिनही वाढवतं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि बऱ्याच स्ट्रिपमध्ये ट्रामाडॉलसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, वरून ताप आला म्हणून वेगळी ६५० ची गोळी, सर्दीची गोळी, त्यातही पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हर बसतं, आणि वयस्कर, बारीक किंवा दारू पिणाऱ्याला त्याहून कमीच.

रात्री एक पेग, नाहीतर झोपेची गोळी

श्वासाची खोली आठवा. मेंदूच्या बुडाशी जे केंद्र श्वास चालवतं तिथेही म्यू आहेत. दारू, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या, नसेच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन हे सगळे वेगळ्या वाटेने त्याच केंद्राला पेंगवतात. प्रत्येकाचा डोस एकेकटा बरोबर असतो, बेरीज चुकते. वेगवेगळ्या दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकाच मेडिकलवर दाखवा, आम्हाला दिसतं. किडनी खराब असेल तर मॉर्फिनचे तुकडे रक्तात साचतात, तेही आधी सांगायचं. आणि एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी, असं लिहिलेली गोळी कुटून देऊ नका, बारा तासांचं औषध एकदम सुटतं.

पॅच आणि शेक

हे माझ्या घरातलं. मावशी निफाडला, कॅन्सर हाडात गेलेला, डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच दिला होता, ७२ तासांनी बदलायचा. जानेवारी महिना, निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात तसली. रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन, "दादा, आई हाक मारली तरी उठत नाहीये, झोप चांगली लागलीय का काहीतरी वेगळंय?" मी म्हटलं श्वास मोज. मोजला, मिनिटाला सात. पॅच कुठंय? पाठीवर. आणि पाठीखाली काय? तर गरम पाण्याची रबरी पिशवी, पाठ दुखते म्हणून संध्याकाळपासून दोनदा भरून ठेवलेली.

पॅचमधलं औषध आधी कातडीत साठतं, तिथून हळूहळू रक्तात जातं. शेक दिला की ते भसाभस जातं. नुसता ताप १०४ पर्यंत चढला तरी रक्तातली पातळी साधारण एक तृतीयांशाने वाढू शकते, इथे तर पिशवी थेट पॅचवर. फेंटानिल मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट जोरकस. मी त्याला पॅच काढायला लावला, १०८ ला फोन करायला लावला, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलवत, बोलवत राहा म्हटलं. दवाखान्यात नॅलोक्सोन दिलं आणि मावशीने डोळे उघडले. उघडले आणि पहिलं वाक्य, "लई दुखतंय रे." कारण नॅलोक्सोन म्यूवरून औषधाला उठवून स्वतः बसतं, कुलूप अडवतं पण उघडत नाही, त्यामुळे श्वास परत येतो आणि दुखणंही परत येतं.

म्हणून पॅच असताना पिशवी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, शेकोटीला पाठ करून बसणं, सगळं बंद. ताप आला तर डॉक्टरांना कळवा. पॅच कापू नका. नवा लावताना जुना काढलाय ना ते बघा, मावसभाऊ आता पॅचवर पेनने तारीख लिहितो. काढलेल्या पॅचमध्ये बरंच औषध उरलेलं असतं, चिकट बाजू आत दुमडा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि लावल्या लावल्या गुण येत नाही, बारा ते चोवीस तास लागतात, तोवर दुसरा पॅच चिकटवायचा नाही.

सवय लागेल म्हणून मध्येच बंद

कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायला घरचे घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात, आणि माणूस रात्रभर कण्हतो. हे मला खरंच पटत नाही. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. रोज औषध मिळालं की म्यू रिसेप्टर बधिर होतात, तेवढ्याच डोसला कमी दाद देतात, हे सगळ्यांत होतं. एकदम बंद केलं तर नाक गळतं, जांभया, अंगावर काटा, जुलाब, घालमेल, तेही सवयीमुळे, पेशंट बिघडला म्हणून नाही. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही त्याच्याच मागे लागणं. ते होत नाही असं मी म्हणत नाही, काउंटरवर रिकामी स्ट्रिप टाकणारे त्यातलेच काही असतात, त्यांच्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. पण डोस कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

याच्या उलटी चूक जास्त घातक. महिनाभर बंद होतं, दुखणं परत आलं, आणि जुनाच मोठा डोस घेतला. तोवर रिसेप्टर परत ताजे झालेले असतात, कालचा सोसलेला डोस आज झेपत नाही.

मॉर्फिन चालू असलेल्याला गावातल्या डॉक्टरकडून पेंटाझोसिनचं दुखण्यावरचं इंजेक्शनही घेऊ नका, ते कापा रिसेप्टरवर काम करतं आणि म्यूवर मॉर्फिनला अडवतं, दुखणं वाढून वर घालमेल सुरू. आणि पायात मुंग्या, आग, करंट मारल्यासारखं दुखत असेल तर ते नसेचं दुखणं, तिथे ओपिऑइडचा डोस वाढवत नेऊन फारसं हाती लागत नाही, वेगळी औषधं असतात.

कधी पळायचं

हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा अडकत, ओठ निळसर, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यातलं काहीही दिसलं तरी १०८. कुशीवर झोपवा, तोंडात पाणी-कॉफी काही घालू नका. आणि दवाखान्यात नॅलोक्सोनने शुद्ध आली की लगेच घरी न्यायची घाई करू नका, त्याचा असर तास-दीड तासात उतरतो, पॅच किंवा एसआर गोळीचा त्याहून कितीतरी उशिरा. मावशी शुद्धीवर येऊन बोलायला लागली होती, तरी पहाटे तीनला तिला नॅलोक्सोन परत द्यावं लागलं.