दुरुस्तीनंतर मिनी ट्रॅक्टर थरथरतोय? पाना उचलण्याआधी हे तपासा

क्लच बदलला, पीटीओ शाफ्टला (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा शाफ्ट) नवा क्रॉस (त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) टाकला किंवा पुढच्या एक्सलच्या शाफ्टचं सील बदललं. ट्रॅक्टर चालू केला आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. आधी असं नव्हतं. अशा वेळी सगळं पुन्हा खोलायची घाई होते. जरा दम धरा. थरथर सुरू असताना ट्रॅक्टरकडून जे कळतं, ते त्याचे दोन तुकडे करून ठेवल्यावर कळत नाही.

आधी एवढंच शोधायचं आहे की ही थरथर कोणाच्या तालावर चालते. इंजिनाच्या, पीटीओच्या की चाकांच्या? ते कळलं की निम्मा ट्रॅक्टर संशयातून बाहेर पडतो.

सुरक्षेचं आधी सांगतो, कारण या कामात माणसं शाफ्टजवळ वाकतात. ५४० आरपीएमवर पीटीओ सेकंदाला ९ फेरे घेतो. सैल बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. फिरणाऱ्या शाफ्टजवळ जायचं नाही, त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून चालवून बघायचं नाही. हात लावायचा तेव्हा पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. मागची चाकं जॅकवर घेऊन गिअर टाकून बघायचा मोहही टाळा. फोर व्हील ड्राइव्ह चुकून लागलेला असेल तर जमिनीवर टेकलेली पुढची चाकं ट्रॅक्टरला जॅकवरून ओढून खाली आणतात.

पहिली चाचणी: उभ्या ट्रॅक्टरवर

अवजार सोडा, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला. थ्रॉटल अगदी हळू वाढवत न्या आणि थरथर कशी बदलते ते बघा.

ती आरपीएमबरोबर चढतच गेली तर काहीतरी असंतुलित फिरतंय. वेग दुप्पट झाला की असंतुलनाचा जोर चौपट होतो, त्यामुळे वरच्या आरपीएमला ती अंगावर येते. एका ठरावीक आरपीएमला जोरात येऊन पुढे विरली तर बहुधा एखादा पत्रा, सायलेन्सरचा ब्रॅकेट किंवा बॉनेटचा बोल्ट सैल राहिलाय आणि तो त्या आरपीएमला साथ देतोय. आयडलला धडधड आणि वर गेल्यावर बरं वाटतं, असं असेल तर ड्राइव्हलाइनचा (इंजिनाची ताकद चाकांकडे आणि पीटीओकडे नेणाऱ्या भागांचा) नाद सोडा. बहुधा एखादा सिलिंडर नीट मारत नाहीये. दुरुस्तीत डिझेलची लाइन उघडली होती का ते आठवा, हवा अडकली असेल.

आता क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबल्यावर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरतच राहतात, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मात्र थांबतो. थरथर तशीच राहिली तर दोष फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, इंजिन किंवा त्याच्या माउंटिंगकडे. गेली तर क्लच प्लेटपासून मागे. दाबल्यावर उलट नवा आवाज आला तर रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) बघा.

हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ट्रॅक्टरमध्ये चालण्यासाठी क्लच नसतो आणि पंप इंजिनाबरोबर फिरतच असतो. काही मॉडेलमध्ये इंजिन आणि ट्रान्समिशनच्या मधे एक आखूड शाफ्ट असतो, त्याला रबरी कपलिंग असतं. हा शाफ्ट इंजिनच्या वेगानेच फिरतो. त्यामुळे उभ्या ट्रॅक्टरवर थरथर आली की त्याचे बोल्ट आणि रबराच्या भेगा आधी बघायच्या.

दुसरी चाचणी: चालवून

फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवा. सपाट, मोकळ्या जागी ताशी ८ किलोमीटरचा वेग धरा, आधी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर, मग खालच्या गिअरमध्ये जास्त आरपीएमवर. दोन्ही वेळा थरथर सारखी असेल तर ती चाकांची किंवा एक्सलची. आरपीएमबरोबर बदलली तर इंजिनाकडची.

थोडा हिशेबही मदतीला येतो. चाकाचा घेर ३ मीटर असेल आणि वेग ताशी २० किलोमीटर, तर चाक सेकंदाला दोन फेरेसुद्धा पूर्ण करत नाही. म्हणजे चाकाचा दोष डोलण्यासारखा जाणवतो, बोटांवर मोजता येतो. इंजिन २४०० आरपीएमवर सेकंदाला ४० फेरे घेतं. त्याची थरथर मोजता येत नाही, तळपायाला मुंग्या आल्यासारखी लागते. पीटीओ या दोघांच्या मधे. फोनमध्ये कंपन मोजणारं ॲप असेल तर फोन पायाच्या पत्र्यावर पक्का चिकटवून हा आकडा वाचता येतो, पण सवय झाली की पायच पुरतो.

मग मऊ मातीवर फोर व्हील लावून बघा. कडक रस्त्यावर ही चाचणी फसवी ठरते. पुढची चाकं मुद्दामच किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात, त्यामुळे कडक जमिनीवर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि धक्के बसतात. दुरुस्तीच्या वेळी टायरची एकच जोडी बदलली आणि तिचा घेर जुन्यापेक्षा वेगळा निघाला, तर हे भांडण मातीतही जाणवतं.

तिसरी चाचणी: पीटीओ

आधी शाफ्ट न जोडता नुसता पीटीओ लावा. शांत? मग ट्रॅक्टर निर्दोष, उरले शाफ्ट आणि अवजार. आता शाफ्ट जोडून, अवजार कामाच्या उंचीवर ठेवून, कमी आरपीएमवर चालवा. शाफ्टचं एक टोक मोकळं सोडून पीटीओ कधीच फिरवू नका. अवजार थोडं उचलल्यावर थरथर वाढली तर कोनाचा प्रश्न आहे. कोन बदलूनही फरक पडत नसेल तर रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं किंवा रोटरला गुंडाळलेली दोरी शोधा.

योक एका रेषेत आहेत का?

क्रॉस बदलल्यावर सुरू झालेल्या थरथरीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. योक म्हणजे क्रॉसला धरणारा दोन कानांचा तुकडा; दोन योक आणि क्रॉस मिळून युनिव्हर्सल जॉइंट होतो. हा जॉइंट कोनात चालतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. २० अंशांच्या कोनात ५४० आरपीएमचा पीटीओ एका जॉइंटच्या पलीकडे ५०७ ते ५७५ आरपीएमच्या मधे हेलकावत असतो. शाफ्टला दोन्ही टोकांना जॉइंट असतात ते यासाठीच. पहिला जे बिघडवतो ते दुसरा सावरतो.

पण त्याला दोन अटी आहेत. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत, आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. योक ९० अंशांनी फिरले तर दुसरा जॉइंट सावरण्याऐवजी भर घालतो. तोच ५४० चा वेग मग साधारण ४७७ ते ६१२ आरपीएम असा हेलकावतो, तोही सेकंदाला १८ वेळा. हा मार अवजाराच्या गिअरबॉक्सवर बसतो.

चौकोनी नळीचा शाफ्ट एकमेकात चार प्रकारे बसतो. त्यातले दोन बरोबर, दोन चूक. दाते असलेल्या शाफ्टमध्ये चुकायला आणखी जागा. मी स्वतः एकदा साफसफाईसाठी शाफ्ट वेगळा केला, ग्रीस लावला, छान बसवला आणि अर्धा दिवस गिअरबॉक्सच्या बेअरिंगला दोष देत बसलो. योक फिरलेला होता. तेव्हापासून वेगळं करण्याआधी दोन्ही नळ्यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढतो.

कोनाचं काम पाना न लावताही होतं. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट आणि अवजाराच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट बाजूने बघितले तर एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. दुरुस्तीसाठी अवजार सोडलं होतं आणि परत जोडताना टॉप लिंक आखूड किंवा लांब झाली, तर गिअरबॉक्स नाक वर किंवा खाली करून बसतो आणि दोन्ही कोन वेगळे होतात. टॉप लिंक फिरवा, पुन्हा चालवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. एका टोकाला मोठ्या कोनासाठीचा दुहेरी जॉइंट असेल तर हा हिशेब वेगळा असतो, त्यासाठी शाफ्टसोबतची पुस्तिका बघा.

हे सगळं बरोबर असेल तर क्रॉस हाताने हलवून बघा. चारही बाजूंना तो एकसारख्या ताकदीने वळायला हवा. एखाद्या जागी अडकला तर बसवताना कपातली (क्रॉसच्या टोकावर बसणाऱ्या बेअरिंगच्या टोपीतली) सुई आडवी पडली असण्याची दाट शक्यता. कप नीट बसत नाही, सर्कलिप खाचेत पूर्ण जात नाही, हीच तिची खूण. अशा वेळी कप ठोकून आत घालू नका, काढून सुया परत लावा. नुसताच घट्ट असेल, अडकत नसेल, तर योकच्या कानांवर पितळी हातोडीचा हलका ठोका पुरतो.

क्लचसाठी ट्रॅक्टर वेगळा केला असेल तर

इथे दोष आत असतो आणि परत खोलणं म्हणजे पूर्ण दिवस. म्हणून बाहेरचं आधी उरका. हाउसिंगच्या जोडाभोवती फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवा. कुठे फट असेल तर मधे कचरा राहिलाय किंवा डॉवेल पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणारी खुंटी) बसलेली नाही. इंजिनच्या माउंटिंगचे वॉशर-रबर सगळे परत लागले का ते मोजा. वेगळं काढून ठेवलेलं सामान संपलं म्हणजे सगळं लागलं असं नाही, एखादा वॉशर चिखलातही जातो.

बाहेर काही सापडलं नाही तर आठवायचं. जोडताना गिअरबॉक्सचं वजन क्लच प्लेटच्या हबवर लटकलं होतं का? किंवा अर्धाच बसलेला जोड बोल्ट आवळून ओढून घेतला? दोन्हीत हब वाकतो आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून लहरते. जुनी प्रेशर प्लेट परत लावली असेल तर ती फ्लायव्हीलवर आधी होती त्याच जागी बसली का? काढताना खूण केली नसेल तर संतुलन बिघडू शकतं. तिचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे असतात. खोलायची वेळ आलीच तर डायल गेज लावून फ्लायव्हीलची लहर मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. अंदाजाने नवे पार्ट आणू नका.

क्वचित असंही होतं की दुरुस्ती बरोबर असते. जुना झिजलेला क्लच घसरून धक्के पचवत होता, नवा घट्ट पकडतो आणि पुढची जुनी खराबी उघडी पडते.

चाकांचं लवकर उरकतं. नट आवळा, रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडा, हवा दोन्ही बाजूंना सारखी करा. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल आणि पंक्चरनंतर ते अर्धवटच भरलं गेलं, तर वेगात ते डुचमळतं.

पुढच्या एक्सलचा शाफ्ट उघडला असेल तर स्प्लाइनची (दातेदार शाफ्टवरची) कपलिंग पूर्ण सरकून लॉक झाली का, एवढंच मुख्य. फोर व्हील लावल्यावरच थरथर येत असेल तर कव्हरची नळी आतून घासतेय का तेही बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग तीच चाचणी त्याच आरपीएमवर, त्याच गिअरमध्ये परत घ्या. काय केलं आणि काय जाणवलं ते लिहून ठेवा. धातू घासल्याचा आवाज आला, शाफ्टच्या सीलमधून नवं तेल गळायला लागलं, किंवा दहा मिनिटं चालवून बंद केल्यावर एका बाजूचं बेअरिंग दुसऱ्यापेक्षा चटका बसेल इतकं तापलेलं निघालं, तर चाचण्या तिथेच थांबवा. थरथर गेली तरी पहिले काही तास काम झाल्यावर उघडलेले सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा आणि क्रॉसच्या निपलला ग्रीस मारा. चारही कपांच्या सीलमधून ग्रीस डोकावला पाहिजे. एखाद्यातून आलाच नाही, तर तोच कप पुढच्या वेळी आधी खोला.