फीत कापण्याआधी

नवउद्योगांसाठी केंद्र काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न जागेचा निघतो. इमारत कुठे, किती मजली, उद्घाटनाला कोण. मीही त्याच वाटेने गेले. चौदा वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवला आणि मग आमच्या भागातल्या उद्योगकेंद्राची जबाबदारी अंगावर घेतली. काचेची दालनं, रंगीत खुर्च्या, सगळं झालं. सहा महिन्यांनी पाहिलं तर तिथली मुलं आमच्या वायफायवर नोकरीचे अर्ज भरत होती. तेव्हापासून क्रम बदलला: आधी गिऱ्हाईक, मग वसुली, मग माणसं आणि पैसा. इमारत सगळ्यात शेवटी.

सुरुवात वहीपासून करा. भागात आधीपासून चालू असलेल्या तीसेक धंद्यांत स्वतः जा, त्यांना केंद्रात बोलावू नका. ‘काय मदत हवी?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, कर्ज आणि अनुदान. त्याऐवजी विचारा, गेल्या वर्षात कोणती ऑर्डर सोडून दिली आणि का?

या एका प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही अहवालाने नाही. खोकी बनवणाऱ्या एकाने सांगितलं की खरेदीदाराला दर लॉटमागे बर्स्टिंग स्ट्रेंथचा, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फुटतो याचा, रिपोर्ट हवा होता. नमुना बाहेरगावच्या लॅबला जाऊन यायला आठ दिवस, म्हणून नाही म्हटलं. पुढच्या दोन आठवड्यांत हीच तक्रार आणखी तिघांकडून ऐकली. मशीन काही अवघड नाही. पुठ्ठा पकडीत आवळायचा, खालून रबराचा पडदा फुगत वर येतो, पुठ्ठा फट्‌कन फुटतो आणि काटा जिथे थांबला तो आकडा लिहून घ्यायचा. जवळच्या एका कॉलेजात असंच मशीन कापडाखाली झाकून पडलं होतं. दर शनिवारी ते उघडायचं ठरलं. आमच्या केंद्राने केलेलं पहिलं खरं काम हेच, आणि त्याला फीत लागली नाही.

हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लिटलटन शहराने 1987 मध्ये बाहेरचे कारखाने ओढून आणण्यापेक्षा घरचेच धंदे वाढवायचं ठरवलं. त्याला त्यांनी ‘आर्थिक बागकाम’ असं नाव दिलं. शहराचा भर होता तो माहितीवर: बाजार केवढा आहे, संभाव्य गिऱ्हाइकं कोण, स्पर्धक काय करतोय. मोठ्या कंपन्यांकडे हे शोधायला माणसं असतात, छोट्याकडे नसतात. तुमच्या केंद्रात एकच माणूस नेमायचा असेल तर असा शोध घेणारा नेमा. कार्यक्रम ठरवणारे आपोआप मिळतात.

आता वसुली. माझं एक बिल एका मोठ्या खरेदीदाराकडे 117 दिवस अडकलं होतं. वहीत नफा दिसत होता आणि पगार उसनवारीवर चालले होते. ‘साहेब रजेवर आहेत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. छोटा धंदा तोट्याने बुडतो त्याहून जास्त वेळा रोकड संपून बुडतो. म्हणून भागातल्या मोठ्या खरेदीदारांशी, सरकारी कार्यालयं धरून, बसून तीन गोष्टी पदरात पाडून घ्या: मोठी ऑर्डर छोट्या लॉटमध्ये फोडणं, नव्या धंद्यासाठी जुन्या उलाढालीची अट सैल करणं, आणि पैसे देण्याची तारीख ऑर्डरवरच लिहिणं. युरोपीय संघाने 2011 च्या नियमांत सरकारी खात्यांना साधारण 30 दिवसांची मुदत घातली. नियम कुठेही असोत, पाठपुरावा करायला फोन लागतोच. धंदेवाला स्वतः फोन करायला घाबरतो, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. तो फोन केंद्राने करावा.

माणसांबद्दल थोडक्यात. 1957 मध्ये कॅलिफोर्नियात आठ जणांनी ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनवणारी कंपनी काढली, आणि पुढे फेअरचाइल्डमधूनही कितीतरी कंपन्या फुटल्या. कॅलिफोर्नियात ‘नोकरी सोडून स्पर्धा करणार नाही’ असल्या अटींना कायद्यात जवळजवळ जागाच नाही, याचाही त्यात वाटा मानला जातो. तुमच्या भागातल्या मोठ्या कारखानदारांना एवढंच पटवा की सोडून गेलेला फोरमन उद्या त्यांचाच पुरवठादार होऊ शकतो. आणि मार्गदर्शक म्हणून व्याख्यानवाले नकोत. ज्याने स्वतः धंदा बंद केला आहे आणि देणी फेडली आहेत असा एक जण दहा वक्त्यांना भारी पडतो.

पैशाच्या बाबतीत एक घोळ सगळीकडे होतो: स्टार्टअप आणि छोटा धंदा एकाच तराजूत घालतात. झपाट्याने वाढू पाहणाऱ्याला भागभांडवल लागतं, त्यात बुडण्याची तयारीही लागते. बेकरीवाल्याला किंवा वेल्डिंगवाल्याला लागतं खेळतं भांडवल, तेही ऑर्डर हातात असताना. पहिल्या गटासाठी इस्रायलचं उदाहरण पाहावं. 1993 च्या योझ्मा योजनेत सरकारने 10 कोटी डॉलर काढले, पण कुणाला द्यायचे हे अधिकाऱ्यांनी ठरवण्याऐवजी बहुतेक रक्कम नवउद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या खासगी फंडांत घातली. सोबत फंडवाल्यांना सरकारचा हिस्सा पुढे विकत घेण्याची मुभा दिली. खासगी माणसाचा पैसा शेजारी असला की निवड जरा डोळसपणे होते.

एवढं जमलं आणि लोक स्वतःहून जागा मागू लागले, की मग इमारत. नवी बांधूच नका. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियात शेतीअवजारांचा मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा जोसेफ मॅनकुसो यांनी 1959 मध्ये तीच जागा छोट्या भाडेकरूंना तुकड्यातुकड्यांनी दिली. भाडेकरूंत एक कोंबड्यांची पिल्लं उबवणाराही होता. त्यावरूनच अशा जागांना ‘इन्क्युबेटर’, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, म्हणण्याची पद्धत पडली म्हणतात.

जागा ठरवताना विजेचा मंजूर भार बघा, भाडेकरार महिन्यागणिक ठेवा, आणि टेप घेऊन आधी मागचं दार मोजा. आम्ही मोजलं नव्हतं. पहिल्या भाडेकरूचं मशीन ट्रकवरून उतरलं आणि चार बोटांनी दारात अडलं. चौकट फोडेपर्यंत दोन दिवस ते ताडपत्रीखाली बाहेरच उभं होतं.