घरी टाइल बसवायला शिकताय? आधी माझ्या गॅलरीतल्या १० टाइल्सचं ऐका

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या अकोल्याच्या घरची मागची गॅलरी मी स्वतः टाइल केली. ९ बाय ४ फुटांची, म्हणजे जेमतेम ३६ स्क्वेअर फूट. मिस्तरी लोक एवढ्या छोट्या कामाला येतच नाहीत, "ताई पुढच्या आठवड्यात बघू" करत दोन महिने गेले, शेवटी म्हटलं आपणच करू. टाइल विकणाऱ्याने मला तीनदा विचारलं की मिस्तरी कोण आहे, चौथ्यांदा मी म्हटलं मीच, तर तो हसून ह्यांच्याकडे बघायला लागला. असो.

फरशी झाडून घ्या, स्पेसर (दोन टाइल्समध्ये सारखी फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे) वापरा, रबरी हातोडा आणा, हे सगळं तुम्ही पाहिलं-वाचलं असणार, ते मी सांगत बसत नाही. मला जे कोणीच सांगितलं नव्हतं आणि ज्याने माझ्या १० टाइल्स गेल्या तेवढंच नीट सांगते, मग बाकीचं इकडचं तिकडचं.

टाइल होती १६ बाय १६ इंच, जाड, खरखरीत, पार्किंगला लावतात तसली विट्रिफाइड. विट्रिफाइड पाणी पीतच नाही, पाणी शोषण अर्धा टक्क्याच्याही खाली असतं. त्यामुळे ती रात्रभर बादलीत भिजवून काही होत नाही (भिजवायची ती भिंतीची सिरॅमिक, तीही सिमेंटवर लावायची असेल तर), आणि नुसत्या सिमेंटच्या रबड्यावर ती नीट धरतही नाही. म्हणून अॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा पिशवीत मिळणारा, पाण्यात कालवायचा माल. पिशवीवर आयएस १५४७७ (अॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि पुढे टाइप लिहिलेला असतो, ऊन लागणाऱ्या जागेला आणि विट्रिफाइडला टाइप २ किंवा त्याच्या वरचंच घ्या, टाइप १ स्वस्त पडतं म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं बरं का.

सकाळी ११ वाजता सुरू केलं. एप्रिल, अकोला, ११ वाजता. आमच्याकडचे लोक इथेच हसले असतील. मी व्हिडिओत बघितलं होतं तसं दातेरी थापीने अॅडेसिव्ह पसरलं, सरळ रेषा ओढल्या, इतक्या सुंदर आल्या की मला थांबवेना, अर्धी गॅलरी, १२ टाइल्सची जागा एका दमात पसरून टाकली. मग आरामात एकेक टाइल ठेवायला घेतली, लेव्हल बघ, स्पेसर लाव, मागे सरकून बघ, मध्ये सिलिंडरवाला आला. शेवटची टाइल ठेवली तेव्हा पाऊण तास तरी झाला असेल. दिसायला एकदम फर्स्ट क्लास. फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

तीन आठवड्यांनी कपडे वाळत घालताना पायाखाली ढब ढब आवाज यायला लागला. नाण्याने ठोकून बघितलं. भरीव टाइल टक्क वाजते, पोकळ टाइल रिकाम्या डब्यासारखी. सकाळच्या १२ पैकी १० डबा. संध्याकाळी लावलेल्या ९ मात्र सगळ्या टक्क.

शेवटी एक टाइल छिन्नीने उचलली. उचलली म्हणजे काय, अख्खी हातातच आली. पाठ स्वच्छ, दुकानातून आणली तशी, मधे राखाडी दोन-चार ओरखडे फक्त. आणि खाली फरशीवर माझ्या त्या सुंदर रेषा जशाच्या तशा उभ्या, वखरलेलं वावर दिसावं तशा. एकही रेष दबलेली नाही. मी तिथेच पाय पसरून बसले आणि खरं सांगते, थोडी रडलेपण.

गल्लीतले एक मिस्तरी काका आले, वाकून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, याच्यावर तर साय धरली होती, मंग कशी चिपकन टाइल?"

साय. हा शब्द डोक्यात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. तापवलेलं दूध ठेवलं की वर साय धरते ना, तसंच अॅडेसिव्हचं होतं. पसरल्या क्षणापासून वरचा थर सुकायला लागतो. आत ओलं, मऊ असतं, थापीने खरवडलं तर ताजंच वाटतं, पण वरची ती पातळ कातडी टाइलला चिकटू देत नाही. पिशवीवर लिहिलेलं असतं की पसरल्यावर २० मिनिटांत टाइल ठेवा, पण ती २० मिनिटं प्रयोगशाळेतली आहेत, तिथे ना वारा ना ऊन. उघड्या गॅलरीत, तापलेल्या फरशीवर, गरम वाऱ्यात पाच-सात मिनिटांतच खेळ संपतो. खालची फरशी वेगळीच पाणी ओढत असते, म्हणजे खालूनही सुकतंय आणि वरूनही. मी २० मिनिटंसुद्धा पाळली नव्हती, पण पाळली असती तरी वाचले नसते एवढंच सांगायचंय.

मग ओळखायचं कसं? बोट लावा. रेषेच्या टोकाला हलकं बोट टेकवा, बोटाला माल लागला तर ठेवा टाइल. बोट कोरडं आलं तर टाइल ठेवायची नाही, कितीही जीवावर आलं तरी तेवढा भाग खरवडून फेकायचा आणि नवीन पसरायचा. वरून पाणी शिंपडून ताजं करायचं नाही. घमेल्यात घट्ट झालेल्या मालात पाणी घालून परत घोटायचंही नाही. मी दोन्ही केलंय. तीन नंबरची टाइल ठेवताना रेषा सुकल्यासारख्या वाटल्या होत्या तर मी पाण्याचा हात मारला होता, ती टाइल सगळ्यात आधी सुटली.

संध्याकाळच्या ९ का धरल्या? माझ्या हुशारीने नाही. दुपारी घमेल्यातला माल दगड झाला होता, म्हणून संध्याकाळी घाबरत घाबरत थोडाच कालवला, दोन टाइलपुरता पसरला, लावल्या, परत दोनपुरता. आणि ऊन उतरलं होतं. बस एवढाच फरक.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा पहाटे साडेपाचला बसले. फरशी ओल्या स्पंजने पुसली, ओलसर फक्त, पाणी साचलेलं नको. माल कालवून पाच मिनिटं तसाच ठेवला आणि परत घोटला. रेषा सगळ्या एकाच दिशेने ओढायच्या, गोल गोल फिरवायच्या नाहीत, आणि टाइल ठेवून रेषांना आडवी अशी थोडी मागेपुढे सरकवून दाबायची, म्हणजे रेषा झोपतात आणि मधली हवा निघते. टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. आणि दर तीन-चार टाइलनंतर एक उचलून पाठ बघायची, मनाला लागतं उचलताना पण बघायचीच. पाठभर माल दिसला तर तुम्ही जिंकलात. नऊ वाजले की काम बंद.

जुना वाळलेला माल फरशीवरून काढायला मला दोन दिवस लागले, ते वर्णन नको.

आता बाकीचं. उतार आधी बघा, टाइल लावून उतार येत नसतो, खाली असेल तोच वर येतो. आमच्याकडे मिस्तरी फुटाला एक सूत म्हणतात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ४ फुटांना अर्धा इंच झाला. एक बादली पाणी ओतून जाळीपर्यंत जातं का ते बघा, मगच पिशवी फोडा. काटकोनाला गुण्याच हवा असं नाही, एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, तिरकं ५ भरलं की काटकोन. सगळ्या टाइल्स आधी कोरड्या मांडून बघा आणि कापलेले तुकडे दाराच्या तोंडाशी येणार नाहीत असं करा. टाइलला टाइल भिडवू नका, ३ एमएमचे स्पेसर घाला आणि भिंतीकडेनेही थोडी फट सोडा, आमच्या उन्हात टाइल फुगते आणि जागा नसली की मधूनच उठते. पिशवीवर जे स्क्वेअर फूट लिहितात ते पातळ थराचं असतं, नवख्या हाताला त्यापेक्षा बरंच लागतं, म्हणून एक पिशवी जास्त धरा.

कटर. ग्राइंडर हातात घ्यायचा तर ओढणी, बांगड्या, मोकळे केस काहीच नको. एन-९५ मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात बसते. माल कालवताना हातात रबरी ग्लोव्ह्ज घाला, सिमेंटने माझी बोटं अशी फुटली की आठवडाभर पोळ्या सासूबाईंनी लाटल्या. ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरणं, मात्र सोपं आहे, उगाच घाबरू नका.

लेव्हलिंग क्लिपा (शेजारच्या टाइल्स एका पातळीत धरणारे चिमटे) नवख्यांना आवडतात, मलाही आवडल्या होत्या. पण त्या वरून टाइल सपाट दाखवतात, खाली पोकळ असलं तरी ओढून धरतात, सपाट दिसतंय म्हणून तुम्ही पाठ बघायचं सोडता. ज्याला पाठ बघायची सवय लागली त्याने खुशाल वापराव्यात.

आणि शिकवणाऱ्यांचं. "हात बसेल हळूहळू" एवढंच सांगणारा गुरू काही कामाचा नाही, चुकीचाही हात बसतो की! ओळखीच्या मिस्तरीकडे दोन दिवस घमेली उचलायला उभे राहा. व्हिडिओत माल कालवल्यापासून टाइल ठेवेपर्यंतचा वेळ कापलेला असतो, आणि सगळी गोम त्या कापलेल्या वेळातच होती.

पैसे वाचले का म्हणाल तर नाही. पिशव्या दोन जास्त लागल्या, छिन्नी-हातोडा आणला, आणि उचलताना ३ टाइल्स फुटल्या. शिल्लक होत्या २. एका टाइलसाठी नवीन बॉक्स आणावा लागला आणि त्याचा बॅच नंबर वेगळा निघाला, रंग किंचित पिवळट. त्यामुळे घेतानाच एक बॉक्स जास्त घ्या, त्याच बॅचचा. आमच्या गॅलरीत त्या पिवळट टाइलवर आता तुळशीची कुंडी ठेवलीय.