विद्यार्थी संघाची घटना बदलायची आहे? आधी शेवटची पानं उघडा

विद्यार्थी संघाचा निवडणूक अधिकारी म्हणून काम केल्यापासून मला एक सवय लागली आहे. कुणी तावातावाने सांगायला आलं की 'आपल्याला घटनाच बदलायचीय', की मी विचारतो, 'दुरुस्तीचं कलम कितवं?' बहुतेकांच्या हातात तेव्हा पोस्टरचं डिझाइन तयार असतं, घटनेची प्रत मात्र नसते.

तर पहिलं काम ते. दुरुस्तीचं कलम बहुधा शेवटाकडे दडलेलं असतं. ते हाताने कागदावर उतरवून काढा आणि त्यातून एवढं शोधा: दुरुस्ती कोण मांडू शकतं, सह्या किती लागतात, नोटीस किती दिवसांची, निर्णय आमसभेत होतो की सार्वमताने, बहुमत साधं हवं की दोन तृतीयांश, किमान मतदानाची अट आहे का, आणि शेवटची मंजुरी कुणाची. तुम्हाला खुपणारा नियम घटनेत आहे की उपविधींत, म्हणजे घटनेखालच्या पोटनियमांत, हेही बघा. उपविधी बरेचदा कार्यकारिणी किंवा प्रतिनिधी मंडळ ठराव करून बदलू शकतं. तिथे सार्वमताचा घाट घालणं म्हणजे फुकटची दमणूक.

घटनेच्या वर कायदा असतो, हे जोशात विसरायला होतं. ब्रिटनमध्ये १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थी संघाच्या घटनेला विद्यापीठाच्या नियामक मंडळाची मंजुरी लागते आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी तिचा फेरआढावा घ्यावा लागतो. एखाद्या बाहेरच्या संघटनेशी संलग्न राहायचं की नाही, यावर ठरावीक प्रमाणात सदस्यांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि ते प्रमाण पाच टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. आपल्याकडे जेएनयूच्या विद्यार्थी संघाची स्वतःची घटना होती, निवडणूक विद्यार्थीच घेत. पण तिचा विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशींशी मेळ बसेना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निवडणुकीला स्थगिती दिली. पुढची निवडणूक थेट २०१२ मध्ये झाली. तेव्हा वर कुणाचा नियम आहे, हे सह्या गोळा करण्याआधीच विचारून घ्या. लेखी विचारा.

आता मसुदा. माझ्या मते सार्वमत इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. कागदाचे दोन रकाने करा: डावीकडे आजचा मजकूर, उजवीकडे नवा, शब्दाला शब्द. 'कार्यकारिणी अधिक प्रातिनिधिक करावी' ही झाली इच्छा, दुरुस्ती नव्हे. समजा, कार्यकारिणीचे सात सदस्य अकरा करायचे आहेत. एका कलमात आकडा बदलला आणि झालं, असं वाटतं. पण आणखी दोन पानांनी लिहिलेलं असतं, 'कार्यकारिणीच्या सभेची गणपूर्ती चार सदस्यांची राहील.' गणपूर्ती म्हणजे सभा ग्राह्य धरायला लागणारी किमान हजेरी. सातांत चार म्हणजे निम्म्याहून जास्त. अकरांत चार म्हणजे मूठभर, आणि त्या चारांतले तिघे मिळून संघाचा खर्च मंजूर करू शकतात! म्हणून बदलायचा आकडा, पदाचं नाव, मुदत हे सगळं अख्ख्या घटनेत शोधा. बँक खात्यावर सह्या कुणाच्या, अविश्वास ठरावाला किती मतं, रिकामी जागा कशी भरायची, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

नवा नियम कधीपासून लागू होणार, हेही मसुद्यातच हवं. पदाची मुदत वाढवायची असेल तर 'पुढील निवडणुकीत निवडून येणाऱ्यांपासून' हे शब्द घालाच. नाहीतर आजचे पदाधिकारी आपलीच खुर्ची लांबवताहेत, असा बोभाटा होतो, आणि तो रास्तच असतो.

मग प्रश्न. मतपत्रिकेवर 'संघाचा कारभार पारदर्शक आणि आधुनिक करण्यासाठी घटनेत बदल करावेत का?' असं विचारणं म्हणजे होकार वदवून घेणं. त्याऐवजी: 'कार्यकारिणीची सदस्यसंख्या ७ वरून ११ करणारी आणि सभेची गणपूर्ती ४ वरून ६ करणारी दुरुस्ती मंजूर आहे का?' ब्रिटनने युरोपीय संघात राहावं का, असा होय-नाही स्वरूपाचा प्रश्न २०१५ मध्ये आधी ठरला होता. तिथल्या निवडणूक आयोगाने तो तपासून 'राहावं' आणि 'बाहेर पडावं' असे दोन्ही पर्याय लिहायला सुचवलं, कारण पहिल्या प्रश्नाचा झुकाव होकाराकडे होता. आणखी एक: एका प्रश्नात एकच विषय. सदस्यसंख्या आणि वर्गणीवाढ एकाच 'होय'मध्ये कोंबली की लोक वर्गणीपायी दोन्ही पाडतात. गणपूर्ती चालते, कारण ती सदस्यसंख्येचीच शेपटी आहे.

सह्यांच्या प्रत्येक पानावर दुरुस्तीचा पूर्ण मजकूर हवा, शेजारी नाव, वर्ग, नोंदणी क्रमांक. तपासणीत काही सह्या गळतातच, त्यामुळे गरजेपेक्षा भरपूर जास्त घ्या.

किमान मतदानाच्या अटीवर जरा थांबतो. ४,००० मतदार आहेत आणि २५ टक्के मतदान सक्तीचं आहे. आले ९८०, त्यांपैकी ९०० जण बाजूने. दुरुस्ती पडली. आणखी वीस जण येऊन विरोधात मत देऊन गेले असते तर ती पास झाली असती! म्हणजे विरोधकाने शहाणपणाने घरी बसायचं. इटलीत नेमकं हेच चालतं. तिथे कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदारांनी यावं लागतं. २०१६ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्खननाबाबत झालेल्या सार्वमतात आलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक बाजूने होते, पण आले मुळात एक तृतीयांशाहून कमी. सगळं वाया.

दुसरी पद्धत म्हणजे एकूण मतदारांच्या अमुक टक्क्यांची मतं बाजूने हवीत. इथे घरी बसण्याची युक्ती चालत नाही, म्हणून मला ती बरी वाटते. पण टक्का अवाजवी ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये १९७९ साली स्वतंत्र विधिमंडळाला ५१.६ टक्के मतं मिळाली, पण अट एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची होती आणि बाजूने भरले ३२.९ टक्के. प्रस्ताव बारगळला. तुमच्या संघाच्या मागच्या निवडणुकांत किती लोक आले ते पाहून मगच आकडा ठरवा. आणि दुरुस्तीचं कलमच बदलायचं असेल, तरी आजचीच अट आधी पार करावी लागते. त्यातून सुटका नाही.

प्रचाराबद्दल फार सांगत नाही, तो तुम्हाला येतोच. एवढंच, की संघाच्या पैशातून निघणाऱ्या माहितीपत्रकात दोन्ही बाजूंना सारखी जागा द्या. जमलं तर सार्वमत वार्षिक निवडणुकीच्या दिवशीच ठेवा, मतदान आपोआप वाढतं. मतपत्रिका मात्र वेगळ्या रंगाची.

मोजणीआधी बाद मतांचा नियम लेखी ठरवून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. आमच्या टेबलावर एक मतपत्रिका आली होती: 'होय'पुढे ठसठशीत खूण आणि खाली बारीक अक्षरात 'पण तिसरं पोटकलम नको'. एक प्रतिनिधी म्हणे वैध, दुसरा म्हणे अटीवर दिलेलं मत ते मतच नव्हे. 'खूण स्पष्ट असेल तर इतर लिखाणाकडे दुर्लक्ष' असं आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून गाडी पुढे गेली.

निकालात बाजूने, विरोधात, बाद, कोऱ्या आणि एकूण मतदार हे सगळे आकडे जाहीर करा. तक्रारीची मुदत संपेपर्यंत मतपत्रिका मोहोरबंद ठेवा. मंजुरीसाठी पाठवायचं असेल तर दोन रकान्यांचा तोच कागद निकालासोबत जोडा. मंजुरी आली की बदललेल्या कलमाखाली दुरुस्तीची तारीख घालून घटनेची नवी प्रत काढा आणि सूचना फलकावरून, कार्यालयाच्या कपाटातून, सगळ्यांच्या फोनमधल्या ग्रुपवरून जुनी प्रत हटवा. पुढच्या वर्षीचा सचिव जी फाइल आधी सापडेल तीच उघडणार आहे.